बंदरातल्या बोटीवर रात्री माणूस राहू द्या : किनारी जिल्ह्यांच्या प्रशासनाला खुले पत्र

२३ मे २०२१

माननीय महोदय,
स.न.वि.वि.

येत्या बुधवारी, २६ मे रोजी, बुद्धपौर्णिमा आहे. पौर्णिमेचं उधाण त्यापुढे तीन-चार दिवस राहील. १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्या बोटी अजून पाण्यात आहेत, त्यांना पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून घ्यायला हेच उधाण आहे. ते हुकलं तर पुढचं मोठं पाणी थेट १० जूनच्या अमावास्येला, आणि तोवर पाऊस लागलेला असेल, समुद्र खवळलेला असेल. कोरोनासाठी राज्यानं लावलेले ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध मात्र १ जूनच्या सकाळी सात वाजेपर्यंत आहेत. म्हणजे आमची सगळी घाई नेमकी निर्बंधांच्या शेवटच्या आठवड्यात येते. म्हणून हे पत्र आजच लिहितो आहे.

किनारी जिल्ह्यांत निर्बंधांचे आदेश काढणारे आणि ते अमलात आणणारे जे जे आहेत त्या सर्वांना हे पत्र आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन, बंदर, मत्स्यव्यवसाय, पोलीस, सगळ्यांना. कुणा एका अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार म्हणून कृपया ते वाचू नका. गेलं सव्वा वर्ष आपण रात्रंदिवस राबता आहात, आपल्यातलेही कितीतरी जण या आजारानं गेले. आमच्या वस्तीतही माणसं गेली. आजार खोटा आहे किंवा निर्बंध नकोत, असं आमच्यातला कुणीही म्हणत नाही.

मागणी एकच आहे. बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर रात्री राखणीला माणूस राहू द्या. त्याला अत्यावश्यक कामावरचा माणूस माना आणि तसं लेखी द्या.

आमच्या बंदरात गेल्या महिन्यात सांगितलं गेलं की संध्याकाळनंतर धक्क्यावर कुणी दिसता कामा नये आणि बोटीवर कुणी झोपायचं नाही. लेखी काही नव्हतं. तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते लागू झालं. कुणी विचारलं तर उत्तर मिळायचं की वरून आदेश आहे. आदेश वाचायला मागितला तर त्यात बोटीचं नावही नसायचं. रस्त्यावर, बाजारात, चौपाटीवर माणसं फिरू नयेत म्हणून लिहिलेला नियम तसाच्या तसा धक्क्यावर आणून लावला, असं आम्हाला दिसलं. बोटीवर झोपणारा माणूस मौजेला आलेला आहे, असं कुणाला वाटलं असेल तर ते समजू शकतो. ज्यानं रात्र बंदरात काढलेली नाही, त्याला बोट म्हणजे कुलूप लावून जाता येईल अशी गाडी वाटते.

तशी ती नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगू द्या, कारण घोडं इथेच अडलं आहे.

आधी पाण्याचं वेळापत्रक. आमचे वाडवडील घड्याळाशिवाय भरती काढायचे, आजही आम्ही तशीच काढतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला अकरा-सव्वाअकराच्या पुढेमागे. दिवसाही तेव्हाच आणि रात्रीही तेव्हाच. मध्ये सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. संचारबंदीचे तास मात्र रोज तेच. त्यामुळे पंधरवड्यातले निम्मे दिवस तरी बोटीची सगळ्यात नाजूक वेळ बंदीच्या तासांतच येते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, आणि त्याच दिवसांत रात्रीची पूर्ण भरती मध्यरात्रीच्या आसपास येते. संध्याकाळी माणूस घरी पाठवला आणि सकाळी सातला परत बोलावला, तर मधल्या वेळात बोट एकदा पूर्ण वर आणि एकदा पूर्ण खाली जाऊन आलेली असते.

त्या वेळात काय होतं? धक्क्याला बांधलेली बोट उधाणात दोन पुरुष उंचीएवढी वरखाली होते. भरतीला बांधलेला दोर ओहोटीला सैल सोडला नाही, तर बोट दोराला लोंबकळते, एका अंगावर कलते, आणि शेवटी एक तर दोर तुटतो नाही तर खुंट उपटतो. ओहोटीला लांब सोडलेला दोर भरतीला ओढून घेतला नाही, तर बोट फिरते आणि शेजारच्या बोटीच्या बाजूवर आदळत राहते. आमच्याकडे जागा कमी, त्यामुळे बोटी एकाला एक लागून पाच-पाच, सहा-सहाच्या रांगेत उभ्या असतात. आतल्या एकीचा दोर तुटला तर रांगच्या रांग सुटते. याहून वाईट म्हणजे भरती चढताना बोटीची कड धक्क्याच्या तुळईखाली अडकली तर पाणी वर रेटतं, तुळई खाली दाबते, आणि मजबूत बोटीच्याही फळ्या फुटतात. तिथे माणूस असेल तर एका लाथेनं बोट बाजूला लोटतो. माणूस नसेल तर सकाळी फुटलेली बोट मिळते.

खाडीत उभ्या असलेल्या बोटींचं वेगळंच. ओहोटीला त्या चिखलात बसतात. नीट टेकू दिला नाही तर बोट खोल बाजूला कलते आणि भरतीचं पाणी आलं की उठायच्या आधी काठावरून आत शिरतं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं. गावातून धावत यायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

दुसरं, आतलं पाणी. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट (दांडा) बोटीच्या तळातून बाहेर जातो. तिथल्या तोंडात चरबी लावलेलं पॅकिंग ठासून भरलेलं असतं, तरीही थेंब-थेंब पाणी आत येतं. बोट उभी असतानाही ते थोडं ठिबकत राहतं. लाकडी बोटीच्या सांध्यांतून आणखी येतं, पावसाची सर आली की डेकवरचंही खाली उतरतं. हे पाणी तळाशी साचतं आणि ते उपसावं लागतं. माझ्या बोटीवरचा राखणदार रात्री उठून टॉर्च मारतो, पाणी इंजिनाच्या पायाच्या किती खाली आहे ते बघतो, गरज असेल तर हापसा मारतो आणि परत आडवा होतो. यात विशेष काही नाही. पण हे केलं नाही तर काय होतं तेही सांगतो.

एका अधिकाऱ्यानं मला अगदी सद्भावनेनं विचारलं होतं, ऑटोमॅटिक पंप असतो ना? असतो. तो बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी भरते ती इंजिन चाललं तर. बोट उभी राहिली की एक-एक बॅटरी उतरत जाते. गेल्या महिन्यात शेजारच्या एका नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, लाकडी बोटीचं हेच झालं. पंप चालू ठेवून माणूस घरी गेला, कारण राहू दिलं नाही. रात्री कधीतरी बॅटरी संपली. सकाळी ओहोटीच्या पाण्यात फक्त केबिनचं छप्पर आणि वायरलेसची काठी वर दिसत होती. इंजिनात खारं पाणी गेलं, जाळी चिखलात गाडली गेली, डिझेलचा तवंग अख्ख्या बंदरात पसरला. बाजूच्या दोन बोटी तिच्यामुळे अडकून पडल्या. आणि ती बुडालेली बोट वर काढायला पन्नासएक माणसं त्याच धक्क्यावर गोळा झाली, खांद्याला खांदा लावून दोर ओढायला. त्यांना कुणी अडवलं नाही, अडवूही शकलं नसतं. जिथे एका माणसाला गर्दी म्हणून हाकललं, तिथेच दुसऱ्या दिवशी खरी गर्दी झाली. त्या नाखव्याचं कर्ज अजून फिटायचं आहे. त्याच्या घरच्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

चोरीबद्दल फार लिहीत नाही. बॅटऱ्या, जीपीएस, फिश फाइंडर, डिझेल, जाळ्याचे शिशाचे गोळे, सगळं उचलण्याजोगं असतं आणि रिकामं बंदर चोराला लगेच कळतं. एवढं मात्र सांगतो की २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर आम्हाला बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली गेली आणि मच्छीमार म्हणजे किनाऱ्याचे डोळे आणि कान, असं प्रत्येक बैठकीत सांगितलं गेलं. ते आम्ही मनावर घेतलं आहे. रात्री बंदरात एकही माणूस नसेल तर ते डोळे आणि कान कुठे असतील?

आता संसर्गाचं, कारण आपली खरी चिंता ती आहे आणि ती रास्त आहे. बोटीवरून उतरवलेला खलाशी जातो कुठे? आमचे बरेच खलाशी नेपाळचे, कर्नाटकचे, उत्तर प्रदेश-झारखंडचे. त्यांचं इथे घर नाही, बोट हेच घर. त्यांना उतरवलं की ते कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत आठ-दहा जण एकत्र झोपतात, एकच मोरी वापरतात. बोटीवर दोन माणसं असतील तर एक केबिनमध्ये आणि एक पुढे डेकवर उघड्या वाऱ्यात झोपतो. आजार कुठे जास्त पसरेल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि हेही मान्य करतो की सहाच्या सहा खलाशी बोटीवर कोंबून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. गेल्या वर्षी हे दुसरं टोकही आपण सगळ्यांनी पाहिलं. २०२० च्या एप्रिलमध्ये आंध्र प्रदेशचे हजारो खलाशी गुजरातच्या वेरावळ बंदरात बोटींवरच अडकून पडले होते. टाळेबंदी लागली, बोटी परत आल्या आणि माणसांना जायला जागा नव्हती. अखेर दोन राज्यांच्या सरकारांनी बोलणी करून महिनाअखेरीला बसगाड्यांनी त्यांना घरी नेलं. आपल्याकडेही नेपाळचे खलाशी असेच बंदरांत अडकले, कारण नेपाळनं २४ मार्चपासून स्वतःची टाळेबंदी लावली होती. आमच्या लहान बोटींवर शौचालय नसतं. पिण्याचं पाणी पिंपातलं असतं आणि ते धक्क्यावरूनच भरावं लागतं. ‘बोटीवरच राहा, खाली उतरू नका’ असं सांगितलं की माणसानं शौचाला कुठे जायचं, पाणी कुठून आणायचं, ताप आला तर कुणाला हाक मारायची, यातल्या कशालाच उत्तर नसतं. बोटीवर राहायला मनाई आणि बोटीवरून उतरायला मनाई, दोन्ही एकाच कारणानं चुकीच्या ठरतात. दोन्हींत बोट आणि बोटीवरचा माणूस यांची गरज न विचारता हुकूम निघतो.

तौक्ते चक्रीवादळाबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. अजून आठवडाही झालेला नाही. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरावरच्या बोटी वादळात सुटल्या आणि त्यांवरच्या खलाशांचे जीव गेले. जी माणसं बोटी वाचवायला बोटीवर थांबली, तीच बुडाली. आमच्यातला कुणीही त्यांना विसरू शकत नाही. तेव्हा मी इथे स्पष्ट लिहितो. चक्रीवादळाचा इशारा असेल त्या रात्री बोटीवर एकही माणूस असता कामा नये, नाखव्यानं कितीही आग्रह केला तरी नाही. बोट पुन्हा होईल. त्या रात्री पोलिसांनी आम्हाला काठी दाखवून उतरवलं तरी आम्ही आभारच मानू.

पण त्याआधीचे दोन दिवस? वादळ येतं आहे हे हवामान खातं आधी सांगतं. त्या वेळात बोटी खाडीत आत नेणं, दुहेरी नांगर टाकणं, दोर बदलणं, रांगा मोकळ्या करणं, हे सगळं भरतीच्या तासाप्रमाणेच होऊ शकतं, रात्र असो की दिवस. गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रात्री नऊ ते पहाटे पाच संचारबंदी होती. आदल्या दिवशी खाडीत बोटी हलवायला माणसं कशी जमवायची, हा प्रश्न बंदराबंदरात होता. ज्या बंदरात स्थानिक अधिकाऱ्यानं समजून घेतलं तिथे काम झालं. बाकीच्यांनी देवावर सोडलं. वादळाच्या आधी माणूस बोटीवर जाऊ शकला, तर वादळात त्याला थांबायची वेळ येत नाही. ज्याला तयारीला वेळ मिळत नाही, तोच शेवटच्या क्षणी जिवावर उदार होऊन बोटीवर उडी मारतो. हे आपण ध्यानात घ्यावं, अशी हात जोडून विनंती आहे.

कायद्याच्या अंगानं बघायचं तर नवं काही मागायचीही गरज नसावी. केंद्रीय गृह मंत्रालयानं १० एप्रिल २०२० रोजीच पहिल्या टाळेबंदीत मासेमारीला सूट दिली होती. त्या सुटीत देखभालीचा उल्लेख आहे आणि कामगारांच्या ये-जा करण्याचाही आहे. बंदरात उभ्या बोटीवर रात्री पाणी उपसणं आणि दोर सोडणं-ओढणं ही देखभाल नाही तर मग दुसरं काय? यंदाच्या राज्याच्या आदेशातही मासळीविक्री अत्यावश्यक यादीत आहे, सकाळी सात ते अकरा. मासळी अत्यावश्यक आणि ती आणणारी बोट सांभाळणारा माणूस मात्र अनावश्यक, हे कसं बसवायचं ते आम्हाला कळत नाही.

त्यावरून या आठवड्याच्या कामाकडे येतो. मे-जूनमध्ये दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, म्हणून बोटी दुपारी वर ओढतात. या उधाणाला ती वेळ अकरा ते एकच्या आसपास येते. आणि अकराला रस्ते बंद होतात. माणसं निघतात तेव्हा नाक्यावर प्रत्येकाला विचारलं जातं, कुठे चाललास, आणि ‘बोट ओढायला’ हे उत्तर यादीत नाही. मोठी बोट वर घ्यायला क्रेन किंवा ट्रॅक्टर मिळाला तरी पंधरा-वीस माणसं लागतातच. फळकुटं सरकवायला, टेकू लावायला, दोर धरायला. एका भरतीत बोट पूर्ण वर येतेच असं नाही. बरेचदा ती अर्धी वर, अर्धी पाण्यात अशी राहते आणि रात्रीचं पाणी आलं की मागचा भाग उचलला जातो. त्या रात्री राखणीला माणूस नसेल तर दिवसभराची मेहनत जातेच, शिवाय बोट तिरकी होऊन पसरू शकते. वर आलेली बोट शाकारून होईपर्यंत तिच्याकडे असंच लक्ष ठेवावं लागतं.

आम्ही काय करू शकतो तेही सांगतो. प्रत्येक बोटीला दोन माणसं नकोत. रांगेतल्या पाच-सहा बोटींना मिळून दोघे पुरतात. तीच दोघं आठवडाभर, रोज नवी नाहीत. नावं, ओळखपत्राचे क्रमांक आणि बोटींचे नोंदणी क्रमांक मच्छीमार सोसायटीच्या वहीत, आणि त्या वहीची प्रत बंदर कार्यालयात व पोलीस चौकीत. राखणीला चढण्याआधी अँटिजेन चाचणी, तिचा खर्च सोसायटी करेल. ताप-खोकला असेल तो चढणार नाही, आणि त्याची मजुरी कापली जाणार नाही, हे नाखव्यांनी आपसात ठरवलं आहे, नाही तर कुणी आजार सांगतच नाही. धक्क्यावरचा नळ आणि शौचालय रात्रीही उघडं राहावं, एवढं प्रशासनानं बघावं. बोटीवर पत्त्यांचा अड्डा, पार्टी, बाहेरची माणसं दिसली तर त्या रांगेची परवानगी रद्द करा, आम्ही एका शब्दानं बोलणार नाही.

बोटी वर ओढण्याच्या दिवसांसाठी वेळ घड्याळावर न ठेवता भरतीवर ठेवावी. पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास असा पास द्यावा. कुठली बोट कुठल्या दिवशी, हे आम्ही ठरवून देतो, म्हणजे सगळे एकदम येणार नाहीत. भरतीची वेळ काढून देणारा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, प्रत्येक बंदरात आहे, त्याला चौकीत बसवून घ्या हवं तर.

पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येऊ नये अशीच इच्छा आहे, जिल्ह्याचा आदेश निघण्याआधी प्रत्येक मोठ्या बंदरातल्या एका तांडेलाला आणि सोसायटीच्या एका माणसाला बोलवा. अर्ध्या तासाचं काम आहे. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे आणि मुरूड, हर्णै, मालवण, सातपाटी यांतलं कुठलंही बंदर दुसऱ्यासारखं नाही. एकाला खाडीचा आडोसा आहे, एक उघड्या समुद्रावर आहे. एकाच कागदावर सगळ्यांची रात्र ठरवता येत नाही.

आमच्या बंदराची यादी तयार आहे. सोमवारी सकाळी ती बंदर कार्यालयात आणि पोलीस चौकीत देतो आहोत. मंगळवार संध्याकाळपर्यंत तिच्यावर शिक्का मिळाला, तर बुधवारच्या दुपारच्या पाण्यावर पहिल्या रांगेतल्या लाकडी बोटी वर घेतो. फायबरच्या बोटी शुक्रवारपर्यंत थांबू शकतात. लाकडी नाहीत.

आपला नम्र,
एक नाखवा